दोरी दुप्पट

दिवाळीच्या सुट्टीला चार दिवस उरले
आणि ‘साधी यंत्रे’ हा धडा तसाच राहिलेला.
म्हटलं, फळ्यावर नको. कंदिलातच उरकू.

अफरोजच्या आईने पिशवीभर रिकामी रिळं पाठवली,
शिलाई मशीनच्या तेलाचा वास अजून त्यांना.
सायकलच्या तारा आरपार घातल्या,
व्हरांड्याच्या वाशाला टांगल्या ओळीने कप्प्या,
खाली करवंट्यांचे कंदील, खिळ्याने भोकं पाडलेले.
ओढलं की वर. सोडलं की धप्प.
दुसरीतला निनाद त्या धप्पपायी
मधल्या सुट्टीतली खिचडी विसरला.

तरफेसाठी मी पट्टी आणि खोडरबर काढत होते.
रुंजीने हात वर केला:
बाई, सुळ्यावर नारळ सोलतात, ती तरफ की पाचर?
आमच्या जालन्यात नारळ सोललेलाच जन्माला येतो.
मी म्हटलं, दोन्ही.
रात्री खोलीवर पुस्तक उघडून पाहिलं.
दोन्हीच होतं. बरं वाटलं.

मोठा कंदील मचव्यासारखा करायचा
हे नक्की कोणी ठरवलं, आठवत नाही.
बांबूच्या कामट्या, लाल पतंगी कागद, डोलकाठी,
नाळेवर दोन्ही बाजूंनी काळा डोळा,
पोटात बल्ब आणि वायरीचं वेटोळं.
मग कोणीतरी म्हणालं, नांगर पाहिजे.
खरा लोखंडी आला, गंजलेला, छोट्या होडीचा.
पटांगणात वीस फुटी पोफळीचा खांब,
टोकाला एक कप्पी.
रुंजी आणि जुई दोघी दोरीला लोंबकळल्या,
मचवा गुडघ्याएवढा उचलला गेला
आणि मग मुलीच वर जायला लागल्या.

पर्शुराम तारी कुंपणापाशी उभा होता.
हजेरीपटावर त्याच्या नावापुढे ‘गै’ची रांग.
पहाटे रापणीला जातो, दोरखंड ओढायला,
आला तर शेवटच्या बाकावर झोपतो.
‘घर्षण’ हा शब्द वाचताना अडखळतो.
तळवे पाहिले की कळतं, अर्थ त्याला माहीत आहे.

“बाई, ह्या असा नाय.
एक कप्पी नुसती दिशा बदलता. वजन तेवढाच रवता.”
आणि धावत सुटला, वाळूवरून, होड्यांकडे.
परतला तेव्हा हातात लाकडी कप्पी,
काळी, मऊ, तारल्यांचा वास मारणारी.
ती त्याने मचव्याच्या डोलकाठीला बांधली,
दोरीचं एक टोक खांबाच्या माथ्याला.
“ही कंदिलावांगडा वर जातली. मगे वजन अर्धा.
पण दोरी दुप्पट ओढूक लागतली.
फुकट काय गावणा नाय.”

माझ्या वहीत हेच वाक्य होतं,
लाल शाईने चौकट केलेलं, जरा लांब, जरा कोरडं.
मी वही मिटली.

जुईने एकटीने ओढलं.
मचवा इतका सावकाश चढला
की निनादला वाटलं, बिघडला.
हात, हात, पुन्हा हात,
खाडीवरचा वारा कागदात शिरून फडफडत होता,
आणि वर पोचल्यावर अफरोजने बटण दाबलं.
खाडीच्या तोंडाशी कुणाचातरी भोंगा वाजला, दोनदा.
पर्शुराम म्हणाला, आमचोच तो. बाबान बघल्यान.

रात्री घरी फोन केला.
सासूबाई म्हणाल्या, आपला कंदील अजून खोक्यातच आहे,
तुझी लेक कोणाला हात लावू देत नाही,
आई आल्यावरच म्हणते.
इथून जालना सतरा तास, गाडी बदलून.
मी मनात कप्प्या मोजत बसले.

सकाळी शाळेत पोचले तेव्हा
खांबाच्या बुंध्याशी बांधलेल्या दोरीचं उरलेलं वेटोळं,
चाळीस फूट, कोणीतरी सोडवून पटांगणात नेलं होतं.
पहिलीतली पोरं तिच्यावर उड्या मारत होती
आणि एक टोक फिरवत होता
शेवटच्या बाकावर झोपणारा.
मी हजेरीपट उघडला. ‘ह’ लिहिलं.
शाई जरा पसरली.