तिसरी पाळी

कारखान्याला कुलूप लागून दोन उन्हाळे झाले,
पण माझ्या डाव्या कानात एक माग अजून चालू आहे.
रात्री अडीचला धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे,
कापड मात्र इंचभरही पुढे सरकत नाही.

सिव्हिलच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कान बरा व्हायचा नाही,
त्याच्याशी भांडत बसू नका. आणि हात कुठवर वर जातो?
मी दाखवलं. छातीपर्यंत.
बत्तीस वर्षं तुटलेली तार जोडणारा हात
आता सदऱ्याच्या वरच्या बटणासाठी
अनसूयेला हाक मारतो.

मग गज्जम जॉबरच्या पोरीनं मनी प्लांटची फांदी आणली,
सोड्याच्या बाटलीत, पाण्यात बुडवून.
काका, म्हणाली, याला काही लागत नाही.
काहीच लागत नाही अशी वस्तू
मी आयुष्यात पाहिली नव्हती.
ठेवली खिडकीत. विडी घरकुलातल्या दोन खोल्यांना एकच खिडकी,
समोर शेजाऱ्याची भिंत,
मधल्या फटीतून पाऊण तास ऊन.

नवव्या दिवशी बाटलीत पांढरा धागा दिसला.
चष्मा लावला. सूत नव्हतं, मूळ होतं.
चाळीस काउंटाचं असेल, फार तर.
त्या रात्रीही कानातला माग थांबला नाही,
पण मी मूळ मोजत होतो मनात,
आज किती, उद्या किती,
आणि कधी डोळा लागला कळलं नाही.

आता तेलाच्या डब्यात कोरफड आहे,
फुटक्या बादलीत नागवेल,
आणि सापासारख्या पट्ट्यांचं एक, ज्याचं नाव
आमच्या गल्लीत कुणालाच सांगता येत नाही.
पुदिना मेला. दोनदा मेला.
मे महिन्यात चव्वेचाळीसवर पारा गेला तेव्हा
खिडकीला आमच्याच कारखान्याची चादर ओली करून बांधली,
मोराची, शेवटच्या पगारात मिळालेली.
तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना,
हात धुतलेलं पाणी झाडांना.
अनसूया म्हणाली, माझ्या चहातलं तेवढं सोडा.

एक डबा मी मुद्दाम उंच टांगला,
जिथं पोरांची झोळी असायची त्या कडीला.
पहिल्या दिवशी तांब्या निम्म्यातच थांबला,
पाणी कोपरावरून बगलेत.
शिव्या दिल्या. खांद्याला, डब्याला, कडीला.
रोज सकाळी तेच, बोटभर वर, कधी बोटभर खाली.
दिवाळीच्या आंघोळीला
माझ्या डोक्यावरचं तेल मीच थापलं.

अनसूया दिवसाला आठशे विड्या वळते.
तेंदूचं पान तिच्याकडे येतं ते मेलेलंच,
भिजवायचं, पत्र्याच्या मापानं कापायचं,
तंबाखू भरायची, वळायची, दोरा.
एका दुपारी सूप बाजूला सारून तिनं हाक मारली.
वेलीच्या शेंड्याला नवं पान,
घट्ट गुंडाळलेलं, टोकाला निमुळतं.
अहो, म्हणाली, ही कुणी वळली?

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते निम्मं सुटलं.
ती चहा गार करत बघत बसली.
तीस वर्षं पानं वळतेय, म्हणाली,
उघडताना एकसुद्धा पाहिलं नव्हतं.
मग परत सुपाशी. ओकटी, रेंडु, मूडु...
त्या दिवशी साठ विड्या कमी भरल्या,
कारखानदारीणबाई बोलल्या, तिनं ऐकून घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी बीपीची गोळी अर्धी केली.
झोपेची आहे तशीच आहे.
आणि नळाला पाणी पाचव्या दिवशी, रात्री दोनला येतं.
गल्ली कुरकुरत उठते.
मी जागाच असतो.
घागरी, पिंप, मग झाडं.
या पाळीला मुकादम नाही, भोंगा नाही.
कानात माग चालू.
अंधारात बोट मातीत खुपसतो, पहिल्या पेरापर्यंत.
गार लागतं.
ओल आहे अजून.
आज राहू दे.