उंचीचा रकाना

सतरा नंबर मी चार वेळा मोजला.
धुळ्याहून साक्रीकडे जाताना डाव्या हाताला,
जिथे आधी दादर यायची, आता कमान आहे,
कमानीवर सिमेंटचे दोन हत्ती, एकाची सोंड गेलेली.
दीडशे चौरस मीटर. चारही वेळा दीडशे.
यंत्राच्या काचेतून जमीन फार साधी दिसते,
भाव त्या काचेत येत नाही.

नितीन वाणी मे महिन्यात प्लॉट दाखवत नाही.
'चव्वेचाळीस डिग्रीत स्वर्गसुद्धा महाग वाटतो, साहेब.'
तो गिऱ्हाईक आणतो डिसेंबरात, ऊन उतरताना.
बांधावर भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात,
आणि घासाच्या मधोमध सहज सांगतो
की पलीकडचा बारा लाखाला गेला.
पलीकडचा कुणालाच गेलेला नसतो.
पण बाराचा आकडा एकदा पोटात उतरला
की नऊ लाख स्वस्त लागतात.

भुसावळचे चिरमाडे,
छत्तीस वर्षं सिग्नल बघून गाडी चालवलेला माणूस.
त्यांनी जमीन पाहिलीच नाही.
टेबलापुढची रांग पाहिली, सात जण, हातात चेकबुकं.
सातातले चार वाण्याचे मावसभाऊ.
हिरवा दिवा समजून त्यांनी फंडाचे पैसे सोडले.

छगन सैंदाणे शेळ्या घेऊन तिथूनच चालला होता.
नाल्यावरच्या जुन्या मोरीच्या दगडाला
छातीएवढ्या उंचीवर मातकट रेघ आहे,
तिच्यावर काठी टेकवून म्हणाला,
'आठे पानी उनं व्हतं, भाऊ.'
'केव्हा?'
'मन्हा बाप व्हता तव्हय.'
चिरमाडे हसले.
नाला त्या दिवशी इतका कोरडा
की पोरं त्यात स्टंप ठोकून खेळत होती.

माझ्या यंत्राला माहीत होतं.
सतरा नंबर रस्त्याहून एक मीटर वीस सेंटिमीटर खाली.
पडद्यावर आकडा आला, मी पाहिला, पुसला.
क-प्रतीवर लांबी असते, रुंदी असते, चतुःसीमा असतात,
उंचीचा रकाना नसतो.
मला कुणी विचारलं नाही.
हे वाक्य मी घरी बऱ्याचदा मोठ्याने म्हणून पाहिलं आहे.

चौथ्या मोजणीला नजमा तडवी आली,
यावलकडची, झेडपीच्या शाळेत गणित शिकवणारी.
भाव विचारण्याआधी तिने बाटलीचं बूच काढलं,
पाणी जमिनीवर ओतलं
आणि उकिडवी बसून बघत राहिली, ते कुठे जातं.
वाणी घड्याळ बघत होता.
'हा नको. तो शेवटचा दाखवा.'

शेवटचा म्हणजे चाळीस. स्मशानाच्या भिंतीला लागून,
उंचावर, निम्म्या भावात,
अकरा वर्षांत कुणी पाय ठेवला नव्हता त्यात. मीसुद्धा
खुणेचा दगड पोऱ्याकडून रोवून घेतला होता.
'धुराचं काही वाटणार नाही?'
'आमच्यात पुरतात, साहेब.
धुराला भ्यायचं मला कुणी शिकवलंच नाही.'
मग पर्सची चेन लावता लावता,
'शेजारी कब्रस्तान असतं, तर मीही घेतला नसता.'

पाणी अजून आलेलं नाही.
सतरा नंबर सध्या तेरा लाखाला आहे.
चिरमाड्यांनी विकून चार लाख कमावले,
भेटले की छगनची नक्कल करून दाखवतात.
मी हसतो. नजर मात्र मोरीकडे जाते.

आणि माझा स्वतःचा एक आहे,
दोंडाईच्याच्या अलीकडे. विमानतळ होणार असं
कुणीतरी कुणाच्या तरी साखरपुड्यात म्हणालं होतं.
पंधरा वर्षं झाली, वरून फक्त बगळे जातात.
तरी रविवारी मी जातो, गाजरगवतात उभा राहतो,
इथे ओटा, इथे देवघर, इथे लिंबाचं झाड.
बायको गाडीतूनच विचारते, 'केवढा हो आपला?'
मी दोन्ही हात पसरून दाखवतो.
फीत डिकीतच असते.
तो मी अजून मोजलेला नाही.