कडीत वाळू

मकरपुऱ्याच्या मागे, जिथे पूर्वी बॉयलर बनत,
तिथे आता 'मगर' उतरते. वर्षातून चारदा,
पोट बदलायला.
कागदावर तिचं नाव वेगळं आहे, लांबलचक, संस्कृत.
पण विश्वामित्रीच्या काठी वाढलेल्या माणसांनी
ते चपटं, थंड तोंड पाहिलं
आणि तिथल्या तिथे बारसं उरकलं.

माझं काम कडीचं.
तिच्या पोटात एक खाच आहे, दुमजली घर मावेल एवढी,
खाचेच्या तोंडाशी कडी, कडीला चोवीस खटके.
तोफखाना बसतो. इस्पितळ बसतं.
नुसते कानच कान असलेली हेरांची खोली बसते.
एकदा पाणी नेलं होतं, फक्त पाणी,
गुरूच्या कुठल्याशा चंद्रावर अडकलेल्या पलटणीला.
कडीला दोनच गोष्टी कळतात:
सरळ आलं की तिरपं आलं.
"सासर असावं तर असं," हसुमतीबेन म्हणतात,
आणि ग्रीसचा डबा माझ्याकडे सरकवतात.

त्या आश्विनात इस्पितळ काढलं.
स्पिरिटचा वास, बुटांवरची परकी लाल माती.
नवव्या खाटेवर, भिंतीत, नखानं कोरलेलं:
आज वरण पातळ.
खाली दुसऱ्या कुणाचं अक्षर:
उद्याही.
मी ते फडक्यानं पुसणार होते. पुसलं नाही.

ट्रॉलीवर तोफखाना वाट बघत होता,
कोरा करकरीत, प्लॅस्टिकसुद्धा न फाडलेला.
हुकूम नव्वद मिनिटांचा.
कप्तान घोरपडे शेडच्या दारात उभ्यानं सेव-उसळ खात होती,
तर्री वेगळी मागून.
लांब कुठेतरी गरबा. तीन टाळ्या, गिरकी, तीन टाळ्या.

मी बॅटरी घेऊन खाचेत चढले, कडी पुसायला.
वर वायरी लोंबत होत्या, तोंडं टोप्यांनी बांधलेली.
एक पारवा आत शिरला होता,
हुकावर बसून मान फिरवत होता,
जागा भाड्याची आहे का ते बघत असावा.
मी सहज "ए" म्हणाले.
"ए" सगळीकडून परत आला,
बऱ्याच वेळानं, जरा मोठा होऊन.
इतक्या वर्षांत तिचा आवाज
मी पहिल्यांदा ऐकला.

दिवा हिरवा झाला. कडी स्वच्छ.
मी खाली वाकून ओरडले, "बेन, वाळू आहे!"

हसुमतीबेन शिडी चढून आल्या, गुडघ्यावर हात ठेवत.
अंगठा फिरवला, सबंध कडीभर, सावकाश,
जसा कढईला आतून फिरवतात.
अंगठा पाहिला. मला पाहिलं. पारव्याला पाहिलं.
आणि वहीत लिहिलं: वाळू.

थोड्या वेळानं कप्तान आली, हातात रिकामा द्रोण.
खाचेखाली उभी राहून वर बघत राहिली.
"मी नवी होते तेव्हा हिच्यात बियाणं असायचं," ती म्हणाली,
"उड्डाणात खुळखुळायचं."
मग बराच वेळ काही नाही.
"सापडली का वाळू?"
"शोधतेय."
"शोध," ती म्हणाली,
आणि द्रोण टाकायला गेली. कचऱ्याचा डबा समोरच होता,
ती लांबच्या डब्यापर्यंत गेली.

सतरा मिनिटं.
त्यात कुठली लढाई थांबली असं मला वाटत नाही.
पारवा आपण होऊन उडाला.
तोफखाना सरळ आला, कडीनं घेतला.
खटके पडले, चोवीस,
टाळ्यांच्या ठेक्यात एकही बसला नाही.

पुढल्या खेपेला रात्रपाळीच्या इर्शादला वाळू सापडली,
एकवीस मिनिटं.
मग रंगकामवाल्या दिघ्यांना, ज्यांचा कडीशी संबंधच नाही.
वरून पत्र आलं: मकरपुऱ्यात धूळ फार दिसते,
शेडला पडदे लावावेत.

पडदे लावले. निळे, जाड, चांगले आहेत.
वाळू येतेच.