तळं राखणारा

माझ्या टेबलाचा एक पाय आखूड आहे,
त्याखाली काठावरचा चपटा दगड.
वर पट्टी ठोकलेली पाटी, तागडी,
आणि सरकारी वही, जिच्या पानांना वास येतो.

पहाटे होड्या लागल्या की ओंजळभर डागा घ्यायचा,
एकेक मासा पट्टीवर आडवा करायचा,
नाक शून्यावर,
शेपटीची बेचकी जिथे येईल तो आकडा.
सात वर्षांपूर्वी नऊ. मग साडेआठ.
यंदा सात, कधी सहासुद्धा.
वाळूवर मासळी पसरता पसरता न्याबाहिंडा विचारते,
"मोजल्यानं वाढतो का रे?"

आम्ही त्याला डागा म्हणतो,
उत्तरेला बुरुंडीत इंडागाला,
दक्षिण टोकाला झांबियात कपेंटा.
समोर, पाऊस उघडल्यावर डोंगर दिसतात ती काँगो.
तिथल्या विलोंजाला विचारलं तेव्हा तो म्हणाला,
"आम्ही त्याला संध्याकाळ म्हणतो.
तो असला तर होते."

प्रशिक्षणात एका बाईंनी सांगितलं,
रुझिझीतून आज टांगानिकात आलेला थेंब
लुकुगातून बाहेर पडायला
शेकडो वर्षं घेतो.
मी मागच्या बाकावर डबा उघडत होतो,
झाकण तसंच हातात राहिलं.
म्हणजे मी सकाळी तोंड धुतलं त्या पाण्यात
कुणा खापरपणजीनं भांडी विसळली असणार.
आणि माझ्या साबणाचा फेस
कुणाच्या घागरीत जाईल,
त्या भाषेतलं "पाणी" सुद्धा मला समजणार नाही.

मग चार देशांनी हॉटेलात बसून,
तीन भाषांतल्या कागदांवर, सही केली:
तीन महिने जाळं नको.

काळोख्या रात्री इथे पाण्यावर दिव्यांचं गाव वसायचं.
ते उठलं.
पोरांनी पहिल्यांदाच तलावात तारे पाहिले,
आणि न्याबाहिंडानं वाळवणीच्या ताट्या
भिंतीला उलट्या टेकवून ठेवल्या.
त्या कागदावर पुष्कळ रकाने होते,
चुलीचा नव्हता.

एकोणचाळिसाव्या रात्री दिवा दिसला.
एकच, खडकाच्या आडोशाला, मध्येच डोळा मिटणारा.
तार सैल असलेला तसा दिवा एकाच होडीवर आहे.
गेल्या वर्षी ती तार मीच चिकटपट्टीनं गुंडाळली होती.
रुहागा मामा.

गस्तीचा नंबर मोबाइलात होता.
पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात,
मामाशी करावं की नाही
हे कुणी सांगून ठेवलेलं नाही.
मी मोबाइल उशाखाली ठेवला
आणि रात्रभर त्यावर डोकं.

सकाळी दाराशी झाकलेला वाडगा.
मूठभर डागा, पामतेलात तळलेला, अजून कोमट.
तळं राखील तो पाणी चाखील.
भूक होती, खोटं कशाला बोलू.
पण हातानं एक उचलला तो तोंडाकडे नाही,
टेबलाकडे नेला.
नाक शून्यावर.
तळल्यावर मासा आकसतो, तरी आठ.
दुसरा, आठ आणि वर एक रेघ.
तिसरा तुटका होता, तो खाल्ला.

आता हे कुठे लिहू?
बंदीत मासा आला कुठून, असं वही विचारणार.
आणि न लिहावं, तर बंदी लागू पडतेय
हे त्या हॉटेलातल्या लोकांना कळणार कसं?
पहिला पुरावा हाती आला
तो चोरीचा, आणि वर मिठाचा.

पेन्सिलीनं, फार न दाबता, आठ लिहिलं.
मग मामाकडे गेलो आणि होडीतली बॅटरी उचलली.
तो काही बोलला नाही.
मामीनं फक्त चुलीकडे पाहिलं,
मग माझ्याकडे, मग परत चुलीकडे.

बॅटरी टेबलाखाली आहे,
आखूड पायाखाली, दगडाच्या जागी.
जरा उंच होते.
टेबल आता दुसऱ्या बाजूला कलतं,
पाटीवर काही ठेवलं की घरंगळतं.
अजून एक्कावन्न रात्री.