शेवटची बस

यंदा लीग वाढली.
धारवाड, उडुपी, थेट कोचीची कॉलेजं आपल्यात.
सावर्डे नाही.
कुडचड्याचा पूल ओलांडला
की जिथून शिव्या सुरू व्हायच्या,
त्या सावर्ड्याला मार्केट नाही म्हणे.

चॅनलवाल्यांनी वेळ दिली सव्वानऊची.
सांग्याची शेवटची बस साडेआठला.
उरतात शंभरेक पोरं,
ती उठवून कॅमेऱ्यासमोरच्या पायऱ्यांवर बसवायची,
म्हणजे मैदान भरलेलं दिसतं.

हक्कांच्या पैशातून गोलची जाळी आली नवी, मान्य.
चुना मी अजून हातानंच मारतो.

काल रुझारचा फोन. तिथला माळी,
माझ्यासारखाच.
"शाणू, तुझी पाठ दिसली रे टीव्हीवर."
पूल चालून यायला
त्याला दहा मिनिटं लागतात.