अंधबिंदू

मिरजेत मी हॉर्नवर गाडी चालवायचे.
डावा अंगठा बटणावरून हलायचाच नाही,
म्हैस असो, टेम्पो असो, कॉलेजची पोरं असोत,
ऐकू आले की मी असायचे.
इथे रेक्सममध्ये हॉर्न म्हणजे शिवी.
इथे दिसावं लागतं.

"मग दिस की," ग्लेनिस म्हणाली.
पंचवीस वर्षं पोलिसात मोटरसायकलवर काढलेली बाई,
गुडघ्यात स्टील, जिभेवर त्याहून थोडं जास्त.
तिनं मला पिकल्या लिंबाच्या रंगाचं जाकीट दिलं
आणि लगेच बजावलं, याच्यावर विसंबू नकोस.
थांबलेल्या गाडीतल्या माणसाच्या डोळ्यांत बघू नकोस,
तो तुझ्याकडे बघत बघत रात्रीच्या जेवणाचा विचार करतो.
त्याचं पुढचं चाक बघ.
चाकाला थाप मारता येत नाही.

आणि वळण्याआधी खांद्यावरून मागे एक नजर.
आमच्याकडे निघताना मागे वळून बघू नये म्हणतात.
हे मी तिला सांगितलं तेव्हा ती खोकेपर्यंत हसली.

दिवसा मी हॉस्पिटलात, डोळ्यांच्या विभागात,
अंधाऱ्या खोलीत लोकांच्या नजरेचे नकाशे काढते.
हनुवटी इथे, कपाळ तिथे, मधल्या दिव्यावरच लक्ष,
कडेला कुठे ठिणगी दिसली की बटण दाबायचं.
प्रत्येक डोळ्यात एक भोक असतंच,
जिथून शीर मेंदूकडे निघते तिथे.
कुणाला ते जाणवत नाही.
मेंदू शेजारचं कापड ओढून ठिगळ लावतो,
रस्त्याला रस्त्याचं, कुंपणाला कुंपणाचं.
म्हणजे मी येत असते, दिवा लावून, तीस मैलांनी,
आणि कुणाच्या तरी डोक्यात माझ्या जागी
अगदी नीट, स्वच्छ, रिकामा रस्ता असतो.

मंगळवारी एमरिस पार्फिट आले, वय एकोणऐंशी,
टायला चिमणीएवढी पिन.
उत्साहानं बटण दाबत होते, जत्रेतल्या नेमबाजासारखे.
नकाशा छापून आला, उजवीकडचा पट्टा काळा,
दोन्ही डोळ्यांत.
नेमकी तीच बाजू, जिथून राउंडअबाउटवर मी येते.
"सगळे पकडले ना?"
डॉक्टर सांगतील, म्हटलं. मला तेवढंच म्हणता येतं.
बायकोनं पर्समध्ये हात घालून
गाडीची किल्ली मुठीत धरली, वर काढली नाही.
"छप्पन्न वर्षं चालवतोय," ते म्हणाले,
"मध्ये कधी कुणी आलंच नाही."

साडेचारला अंधार. डांबरावर कुजलेली पानं.
रांगेच्या टोकाला एक चंदेरी गाडी थांबलेली.
मी माझ्याच लेनमध्ये जराशी डावीकडे, जराशी उजवीकडे झाले,
कारण न हलणारा दिवा हा नुसता दिवा असतो,
रस्त्यावर तसे शंभर.
थ्रॉटल सोडलेला, दोन बोटं ब्रेकवर.
चाक बोटभर सरकलं.
मग हातभर.
मग अख्खी गाडी माझ्यासमोर आडवी,
आणि मी थांबलेली, मध्ये एक म्हैस मावेल इतकं अंतर ठेवून.

आत बावीसेक वर्षांची मुलगी, दोन्ही तळवे तोंडावर.
काच खाली आली. "सॉरी, तुम्ही दिसलाच नाहीत."
डोळे चांगले होते तिचे, मला कळतात.
हेल्मेटच्या आत मी मराठीत काहीतरी बोलले,
ते तिला ऐकू गेलं नाही, बरं झालं.
पाय मात्र घरी पोचल्यावर थरथरले,
फोडणी करपली.

शनिवारी नवऱ्याची गाडी घेऊन बाजाराला निघाले.
तोच राउंडअबाउट, तीच पांढरी रेघ.
मागच्यानं चक्क हॉर्न दिला.
उजवीकडे बघितलं. रस्ता रिकामा,
स्वच्छ, अगदी नीट.
इतका नीट की मला संशय आला.

पुन्हा बघितलं.