काटा

वेंडल कॉर्कम चित्र घेऊन आला
टॉवेलात गुंडाळून, न्हाऊ घातलेल्या बाळासारखं.
म्हणाला, "बाबांचं. सत्तावीस वर्षं बाथरूममध्ये टांगलेलं.
आत गेलेला पाहुणा
हसतच बाहेर आला पाहिजे, असा त्यांचा नियम."

हॅलिफॅक्समध्ये यात नवल नाही.
सकाळच्या पेपरात ज्याची साल निघायची
तोच दुपारी फोन करायचा, मूळ चित्र मिळेल का.
झ्विकर देऊन टाकायचा, एक डॉलर न घेता.
खाली तिरकी सही : मंत्रिमहोदयांस, लोभ असावा, लिअँडर.

मी चौकटीवाली. काच, पुठ्ठा, बारीक चुका.
माणसं चित्र समोरून बघतात,
माझी ओळख पाठीपासून सुरू होते.
जुनी पट्टी सोलली, खिळे उपटले,
पुठ्ठा उचलला तसा दमट वास आला, साबणाचा आणि समुद्राचा.

पेपरात हे दोन कॉलम होतं, तळहाताएवढं.
इथे परातीएवढं.
मासेमारी बंद झाली त्या उन्हाळ्यातलं.
(माझा धाकटा भाऊ त्याच ऑगस्टमध्ये अल्बर्टाला गेला,
तेलाच्या खाणीवर. अजून तिकडेच आहे.)
लांब टेबल, गळ्यात रुमाल बांधलेले मत्स्यमंत्री ऑब्री कॉर्कम,
ताटात शेवटचा कॉड.
खाऊन झालेल्या सांगाड्यांच्या होड्या,
एकीमागे एक, टेबलावरून खाली चाललेल्या.
रुमालाच्या घड्यांत ब्रश असा फिरलाय
की मी हातातली सुरी खाली ठेवली.

समासात निळी पेन्सिल. कॅमेऱ्याला न दिसणारा निळा.
संपादकाचं अक्षर : नाक आवर.
त्याखाली झ्विकरचं : नाक त्यांचंच आहे.
एका कोपऱ्यात कॉफीच्या कपाचं वर्तुळ,
आणि वाण्याचा हिशोब : दूध, ब्लेड, मांजराचं खाणं.

आणि उजवीकडे, मंत्र्यांच्या समोर,
पांढऱ्या रंगाचा थर. चूक झाकायचा असतो तो.
छापताना कुणाला कळलं नसतं.
पण कागद वर्षानुवर्षं पिवळा होत गेला
आणि पांढरा पांढराच राहिला.
झाकलेलं तेवढंच आता आधी दिसतं.

वेंडल म्हणाला, "हा डाग तेवढा पुठ्ठ्याखाली घालता येईल?"
म्हटलं, बघते. शुक्रवारी या.

रात्री दुकान बंद करून
कागद दिव्याच्या टेबलावर ठेवला.
थराखाली एक खुर्ची.
खुर्चीत चष्मेवाला, कानामागे ब्रश,
पुढ्यात ताट, ताटात अर्धा मासा.
स्वतःचं नाक त्याने मुळीच आवरलं नव्हतं.

पेपरचे मालक आणि फिश प्लांटचे मालक
एकाच आडनावाचे, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक.
खाल्ल्या घरचे वासे
झ्विकरने रोज मोजले, तीस वर्षं, शाईने.
त्या एका रात्री मोजता मोजता
स्वतःचं ताट दिसलं असेल.
मग पांढरा कुणी फिरवला?
संपादकाने सांगितलं?
की पहाटे, ब्लॉक निघायच्या आधी, त्यानेच?
समासात याबद्दल काही नाही.
मांजराचं खाणं मात्र दोनदा लिहिलंय.

घरी आले. फ्रिजमध्ये हॅडक होता.
खाल्ला.

गुरुवारी माप घेतलं.
वेंडलला सांगावं की नाही, यावर अर्धा दिवस गेला
आणि एक कोरा पुठ्ठा वाया गेला.
शेवटी गिऱ्हाइकाचं ऐकलं.
खुर्ची, चष्मा, ताट, सगळं कडेखाली गेलं.

फक्त टेबलाच्या काठाशी
थरातून निसटलेल्या तीन बारीक काळ्या रेघा आहेत.
तेव्हा पेपरात पाहून सगळ्यांना वाटलं होतं
माशाचा काटा.
वेंडललाही तसंच वाटलं शुक्रवारी. "बारीकसारीक किती काढायचा ना!"
मी हो म्हटलं.

त्याच्या मुठीतल्या काट्याची ती टोकं.
पुठ्ठा कापताना सुरी मी
त्यांच्या अलीकडून वळवली,
दोन सूत.